भूक आणि अंतर

कपाटात ठेवलेली डांबरगोळी काही महिन्यांत निम्मी होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ती विरघळत नाही, उडून जाते. तिच्यातलं नॅप्थलीन घन अवस्थेतून थेट वाफ होतं आणि त्याचा वास साड्यांच्या घड्यांमध्ये बसून राहतो. हवेत इतक्या सहज जाणारा हा पदार्थ पाण्यात जायला मात्र नाखूश असतो. एका लिटर पाण्यात तो जेमतेम 30 मिलिग्रॅम विरघळतो. दगडी कोळशापासून डांबर काढलं जाई त्या जुन्या कारखान्यांच्या आवारात, कच्चं तेल सांडलेल्या जमिनीत, नॅप्थलीन असंच अडकून पडलेलं असतं. काही मातीच्या कणांना चिकटलेलं, काही तेलाच्या थेंबांत मुरलेलं आणि अगदी थोडं कणांमधल्या पाण्यात. त्या अगदी थोड्याचा माग काढत त्याच्या उगमाकडे पोहत जाणारे जिवाणू मातीत आहेत. पुढच्या प्रकरणांचा विषय ते जिवाणू आहेत.

प्रदूषण खाणाऱ्या जिवाणूंबद्दल मराठीत लिहिलं गेलेलं नाही असं नाही. वर्तमानपत्रांत दर दोन-चार वर्षांनी एखादा ‘तेल खाणारा’ किंवा ‘प्लॅस्टिक खाणारा’ जिवाणू अवतरतो, त्याचं कौतुक होतं आणि तो पुन्हा कुठे दिसत नाही. या कौतुकात सगळा भर भुकेवर असतो. अमुक जिवाणू अमुक विष पचवतो, म्हणजे प्रश्न सुटला, अशी आपली समजूत. या पुस्तकाने वेगळी बाजू धरली आहे आणि मला ती बरोबर वाटते. मातीतल्या बहुतेक सेंद्रिय प्रदूषकांना खाणारा कोणी ना कोणी मातीतच सापडतो. तरीही ती प्रदूषकं वर्षानुवर्षं तशीच राहतात, कारण खाणारा एका जागी असतो आणि खाद्य दुसऱ्या. प्रश्न भुकेचा कमी आणि अंतराचा जास्त आहे.

भुकेच्या बाजूचं सर्वांत गाजलेलं उदाहरण एका भारतीयाच्या नावावर आहे. आनंद मोहन चक्रवर्ती हे बंगालमधले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी स्युडोमोनास कुळातल्या एकाच जिवाणूत अनेक प्लाझ्मिडं एकत्र आणली. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा गोल तुकडा. तेलातले वेगवेगळे घटक पचवण्याची कला या तुकड्यांवर लिहिलेली असते. 1972 मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 16 जून 1980 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की माणसाने घडवलेल्या सजीवाचं पेटंट घेता येतं. कायद्याच्या इतिहासात या निकालाला फार मोठी जागा आहे. तो जिवाणू मात्र समुद्रावर सांडलेल्या तेलावर कधी सोडलाच गेला नाही. एका पेशीत चार भुका कोंबता येतात हे चक्रवर्तींनी दाखवलं. त्या पेशीला जेवणापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारत नव्हतं.

अंतर म्हणजे नक्की किती, याचा हिशेब एकदा करून पाहावा. नॅप्थलीनसारखा लहान रेणू स्थिर पाण्यात आपोआप पसरत जातो. एक मिलिमीटर जायला त्याला साधारण आठ मिनिटं लागतात. मग एक सेंटिमीटरला ऐंशी मिनिटं, असं आपलं मन म्हणतं. पण विसरणाचा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून सेंटिमीटरला चौदा तास लागतात आणि दहा सेंटिमीटरला जवळजवळ दोन महिने. हे मोकळ्या पाण्यातले आकडे झाले. मातीत वाट वाकडी असते आणि रेणू वाटेत कणांना चिकटत राहतात, तेव्हा वेळ आणखी लांबतो. आता न पोहणारा जिवाणू घ्या. एक मायक्रोमीटर आकाराची पेशी पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांवर सरकत एक मिलिमीटर जायची म्हटली तर दोन आठवडे जातील. तीच पेशी पोहत असेल आणि योग्य दिशेला सेकंदाला तीन मायक्रोमीटर इतकीच सरासरी प्रगती करत असेल, तरी सेंटिमीटरभराचं अंतर तासाभरात कापेल. एका बाजूला आठवडे, दुसऱ्या बाजूला तास; एवढा फरक पोहण्याने पडतो. पण योग्य दिशा कोणती, हे तिला कळतं कसं?

ही विचारणा सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहे. 1880 च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचेच्या केसासारख्या बारीक नळीत मांसरस भरला, तिचं एक टोक बंद केलं आणि उघडं टोक जिवाणू असलेल्या थेंबात बुडवलं. काही मिनिटांत नळीच्या तोंडाशी जिवाणूंची गर्दी झाली आणि ते आत शिरू लागले. साध्या पाण्याच्या नळीकडे कोणी फिरकलं नाही. थिओडोर एंगेलमान यांनी त्याच सुमारास याहून देखणा प्रयोग केला. शैवालाच्या तंतूवर लोलकातून फाकलेला प्रकाश टाकला, तेव्हा प्राणवायूवर जगणारे जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्याशी गोळा झाले, कारण प्रकाशसंश्लेषण तिथे जोरात चालू होतं. जिवाणूंना रसायन कळतं आणि ते त्याच्याकडे जातात, या वर्तनाला केमोटॅक्सिस म्हणू लागले. मग जवळजवळ ऐंशी वर्षं हा विषय कोपऱ्यात पडून राहिला.

त्याला बाहेर काढलं विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ज्युलियस ॲडलर यांनी. त्यांनी 1960 च्या दशकात फेफरची नळी पुन्हा हातात घेतली, पण मोजमापासाठी. नळीत किती जिवाणू शिरले ते मोजायचं, रसायन बदलायचं, पुन्हा मोजायचं. 1969 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की जिवाणूला एखादं रसायन जाणवण्यासाठी ते पचवावं लागत नाही. गॅलॅक्टोज नावाची साखर वापरण्याची क्षमता उत्परिवर्तनाने गमावलेली ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची पेशीही गॅलॅक्टोजकडे तितक्याच ओढीने जात होती. उलट, पचणारी काही रसायनं तिला मुळीच ओढत नव्हती. म्हणजे पेशीच्या अंगावर त्या त्या रेणूची ओळख पटवणारी ग्राही प्रथिनं असलीच पाहिजेत. भूक आणि वास ही दोन वेगळी यंत्रं आहेत, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा ठामपणे सिद्ध झाली. पुढे प्रदूषकांच्या बाबतीत हाच मुद्दा पुन्हा पुन्हा वादाचा ठरला, म्हणून तो इथेच लक्षात ठेवलेला बरा.

मग हॉवर्ड बर्ग आले. त्यांनी एकेका जिवाणूच्या मागोमाग सरकणारा सूक्ष्मदर्शक बनवला आणि 1972 मध्ये डग्लस ब्राउन यांच्यासोबत ई. कोलायच्या भटकंतीचं वर्णन प्रसिद्ध केलं. पेशी साधारण सेकंदभर सरळ पोहते, मग सेकंदाच्या दहाव्या भागापुरती जागच्या जागी कोलांटते आणि कुठल्या तरी भलत्याच दिशेला पुन्हा निघते. दिशा ती निवडत नाही, निवडूही शकत नाही. मायक्रोमीटरभर लांबीच्या अंगाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या सांद्रतेत जाणवण्याइतका फरक असतोच कुठे? तिला करता येते एवढीच गोष्ट, की चांगलं चाललं असेल तर कोलांटी पुढे ढकलायची. आणि ‘चांगलं’ ठरवण्यासाठी ती चहा पिताना आपण करतो तेच करते: हा घोट मागच्या घोटापेक्षा गोड आहे का, एवढंच बघते. 1986 मध्ये बर्ग आणि सहकाऱ्यांनी या स्मृतीची लांबीही मोजली. गेल्या एका सेकंदातला अनुभव त्याआधीच्या तीन सेकंदांच्या अनुभवाशी ताडून पाहिला जातो. यापेक्षा लांब आठवण ठेवून उपयोगही नसतो. पाण्याचे रेणू पेशीला सतत ढोसत असतात आणि दहाएक सेकंदांत तिचं तोंड पार वळलेलं असतं. जुनी आठवण मग भलत्याच वाटेची ठरेल.

पेशी काळावरच विसंबते, जागेवर नाही, याचा साधा पुरावा मॅकनॅब आणि कॉशलँड यांनी 1972 मध्ये दिला. साल्मोनेला जिवाणू असलेल्या द्रवात त्यांनी आकर्षक रसायन एकदम मिसळलं. सगळीकडे सांद्रता सारखीच, म्हणजे कुठे जायचं हा प्रश्नच नाही. तरी सगळे जिवाणू कोलांटी विसरून काही वेळ नुसते सरळ पोहत सुटले. ‘मघापेक्षा आता जास्त आहे’ एवढं त्यांना पुरेसं होतं.

पोहण्याचं यंत्र म्हणजे कशाभिका. ती शेपटासारखी हलत नाही, चाकासारखी फिरते. मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्व्हिन सायमन यांनी 1974 मध्ये कशाभिका प्रतिपिंडांच्या साहाय्याने काचेला चिकटवून टाकली. कशाभिका जागची हलेना, तेव्हा तिच्या टोकाला असलेलं अख्खं जिवाणूचं अंगच गरागरा फिरताना दिसलं. कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र पाहिलं की विसरता येत नाही. ई. कोलायमध्ये कशाभिकेची मोटार एका दिशेने फिरली की सगळ्या कशाभिकांची जुडी बनते आणि पेशी सरळ जाते; एखादी मोटार उलटी फिरली की जुडी सुटते आणि कोलांटी होते. आतली साखळीही ठरलेली आहे. ग्राहीला आकर्षक रेणू लागला की चे-ए हे प्रथिन थंडावतं, त्यामुळे चे-वाय या निरोप्यावर फॉस्फेट चढत नाही, मोटारीला उलटं फिरण्याचा निरोप मिळत नाही आणि सरळ पोहणं लांबतं. दरम्यान दुसरी दोन प्रथिनं ग्राहीवर मेथिल गट चढवत-उतरवत त्याला नव्या सांद्रतेची सवय लावतात. ही सवय म्हणजेच ती तीन-चार सेकंदांची आठवण. पुस्तकात या साखळीला स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना आकृती शेजारी उघडून ठेवावी, नाहीतर अक्षरांचा गोंधळ उडतो.

इथपर्यंतची गोष्ट आतड्यातल्या जिवाणूची झाली. मातीतला स्युडोमोनास प्युटिडा हा वेगळा गडी आहे. त्याच्या कशाभिका अंगभर नसून एकाच टोकाला पाच ते सात असतात. तो कोलांटत नाही, मोटार उलटवून दिशा बदलतो, आणि सरासरी सेकंदाला 44 मायक्रोमीटर वेगाने धावतो. आतड्यातल्या भाऊबंदाकडे ग्राही पाचच आहेत, तर याच्याकडे पंचविसाहून अधिक. आतड्यात जेवण ताटात येतं. मातीत रोज नवं काहीतरी कुजत असतं आणि ते कुठे कुजतंय हे आधी कळणाऱ्याला जास्त मिळतं.

डांबरगोळीकडे धावणारा हाच. कॅरोलिन हारवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात प्युटिडाच्या जी-7 या वाणावर काम केलं. मऊ जेलीसारख्या माध्यमात नॅप्थलीनचे स्फटिक ठेवले की काही वेळाने त्यांच्याभोवती जिवाणूंचं दुधाळ कडं उभं राहताना नुसत्या डोळ्यांना दिसतं. स्फटिकाला खेटून नव्हे, थोडं अंतर राखून. हे कडं कशामुळे उभं राहतं याचा शोध घेताना नाह-वाय हे जनुक सापडलं, आणि ते सापडलं एनएएच-7 या प्लाझ्मिडवर, नॅप्थलीन पचवणाऱ्या जनुकांच्या अगदी शेजारी, त्यांच्याच ओळीच्या शेपटाला. नाह-वाय मोडलं तेव्हा जिवाणू नॅप्थलीनवर मजेत वाढत राहिला, पण त्याच्याकडे जाणं बंद झालं. ॲडलर यांनी वेगळी केलेली भूक आणि वास इथे पुन्हा भेटतात, एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी लिहिलेल्या. शिवाय हा तुकडा एका पेशीतून दुसरीत जाऊ शकतो. म्हणजे शेजाऱ्याकडून नॅप्थलीन पचवण्याची पाककृती मिळाली की ते कुठे मिळेल याचा पत्ताही सोबत मिळतो. मला या संपूर्ण विषयातली ही सर्वांत चतुर गोष्ट वाटते.

असंच ‘टू-फोर-डी’चं. उसातल्या तणावर फवारण्यासाठी आपल्याकडचा शेतकरी हे नाव रोज घेतो. हे तणनाशक पचवणाऱ्या राल्स्टोनिया वाणाकडे पीजेपी-4 नावाचं प्लाझ्मिड असतं आणि त्यावरच टीएफडी-के हे वाहक प्रथिन असतं. ते मोडलं की जिवाणूला टू-फोर-डीची ओढ उरत नाही. वाहकाचं काम खरं तर रसायन आत ओढून घेण्याचं. वासाच्या यंत्रणेत त्याचा हात कसा लागतो, हा रंजक प्रश्न आहे. आणि सगळेच जिवाणू ग्राहीवर अवलंबून नसतात. काहींना रसायनाची थेट जाण नसते. ते पचायला लागलं की पेशीतली ऊर्जा वाढते, आणि ती वाढ जिथे होते तिकडे पेशी सरकते. फिनॉलकडे जाणाऱ्या प्युटिडाच्या एका वाणात स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातल्या गटाने हीच यंत्रणा दाखवली. म्हणजे वास घेऊन जाणारे आणि चव लागल्यावर वळणारे असे दोन पंथ. कोणता जिवाणू कोणत्या पंथाचा, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. वाचकाला हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण त्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो: दुसऱ्या पंथातल्या जिवाणूला पचनाची जनुकं आधी जागी व्हावी लागतात, तोवर तो विषाच्या शेजारून सरळ निघून जातो.

इथे एक वाजवी शंका येते. टोल्युइन, टू-फोर-डी, ट्रायक्लोरोएथिलीन ही कारखान्यांची देणगी. त्यांच्यासाठी जिवाणूने नाक कुठून आणलं? शंभर वर्षांत इतकी तयारी? उत्तर बहुतेक लाकडात आणि पानांत आहे. वनस्पतीतल्या लिग्निनसारख्या पदार्थांच्या कुजण्यातून बेंझीनचं कडं असलेली असंख्य आम्लं मातीत येतात आणि ती चाखणारे ग्राही प्युटिडाकडे फार जुने आहेत. पीसीए-वाय हा असा एक ग्राही. झाडांमध्ये मुबलक असलेल्या क्विनेट, शिकिमेट आणि त्यांच्या नात्यातल्या आम्लांना तो प्रतिसाद देतो. कारखान्याचं रसायन या जुन्या ओळखीच्या चेहऱ्यांसारखं दिसलं तर ओढ लागते. कधीकधी ही ओढ अंगाशीही येते. प्युटिडाचा एफ-1 हा वाण टोल्युइन पचवतो, आणि टोल्युइनच्या सान्निध्यात वाढला असेल तर ट्रायक्लोरोएथिलीनकडेही जातो. त्यातून त्याला काहीच पोषण मिळत नाही. उलट टोल्युइन फोडणारं विकर ट्रायक्लोरोएथिलीनवर चाललं की तयार होणारे पदार्थ पेशीलाच मारक ठरतात. प्रदूषण ‘साफ करायला’ जिवाणू जातो असं म्हणताना हे आठवावं. तो कुठलंही पुण्यकर्म करायला निघालेला नसतो. जेवणाच्या वासावर निघतो, आणि वास फसवाही असू शकतो.

आपल्या देशातलं काम या पुस्तकात बरंच आलं आहे, आणि यायलाच हवं होतं. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे इम्टेकमध्ये, राकेश जैन यांच्या गटाने 2000 मध्ये एसजे-98 नावाच्या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. त्याला तेव्हा राल्स्टोनिया म्हटलं होतं. पुढे त्याचं कुळ बदललं आणि तो बुर्कहोल्डेरिया म्हणून ओळखला जाऊ लागला. तो सापडला कसा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सहसा संशोधक दूषित माती घेतात, तिच्यात प्रदूषकाखेरीज दुसरं अन्न ठेवत नाहीत आणि जो जगेल तो उचलतात. ही भुकेची परीक्षा. जैन यांच्या गटाने कीटकनाशकांनी दूषित मातीतून आधी ओढ लागणारा वेचला, आणि मग तो काय पचवतो ते पाहिलं. क्रम उलटा केला तेव्हा दोन्ही गुण असलेला जिवाणू हाती लागला.

तो ज्या पॅरा-नायट्रोफिनॉलकडे जातो ते मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या विघटनातून तयार होतं. कापसावर वर्षानुवर्षं फवारल्या गेलेल्या या औषधावर भारतात 2018 मध्ये बंदी आली. पॅरा-नायट्रोफिनॉल किंचित अल्कधर्मी पाण्यात चक्क पिवळं दिसतं. म्हणून प्रयोगात जिवाणूचं काम डोळ्यांनी पाहता येतं. चंचुपात्रातलं पिवळेपण फिकट होत जातं, आणि यंत्रावर आकडे वाचायच्या आधी मुलं ‘सर, गेला रंग’ असं ओरडतात. 2006 मध्ये या गटाने पेट्रीडिश सोडून प्रत्यक्ष मातीत पॅरा-नायट्रोफिनॉलच्या दिशेने होणारी हालचाल दाखवली. पुढे 2012 मध्ये क्लोरिनयुक्त नायट्रोसंयुगांवरचा त्यांचा निबंध आला. जी संयुगं हा जिवाणू पचवू शकतो, त्यांच्याकडेच तो जातो असा त्यातला निष्कर्ष. म्हणजे हा दुसऱ्या पंथाकडे झुकणारा.

आता मूळ मुद्द्याकडे, अंतराकडे. केमोटॅक्सिसने प्रदूषण लवकर फिटतं का? याचं सर्वांत स्वच्छ उत्तर 2000 मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या मार्क्स आणि एटकेन यांनी दिलं. त्यांनी जी-7 चा मूळ वाण, पोहता न येणारा वाण आणि पोहता येतं पण नॅप्थलीनचा वास येत नाही असा वाण, हे तिन्ही घेतले. नॅप्थलीन एका बारीक नळीत आणि जिवाणू बाहेर असताना मूळ वाणाने ते कितीतरी लवकर संपवलं. पण सगळं एकत्र ढवळून ठेवलं तेव्हा तिघांत फरक राहिला नाही. शेकरवर हलणाऱ्या फ्लास्कमध्ये अंतर नावाची गोष्टच उरत नाही. आणि आपली बहुतेक प्रयोगशाळांमधली मोजमापं, ज्यांच्या जोरावर जाहिराती होतात, अशा फ्लास्कमध्येच झालेली असतात. दिवसाला इतके मिलिग्रॅम प्रदूषक संपतं, असा आकडा कोणी तोंडावर फेकला की आधी विचारावं: फ्लास्क हलत होता का?

माती हलत नाही. एका ग्रॅम मातीत अब्जभर जिवाणू असू शकतात, तरी ते कणांच्या एकूण पृष्ठभागाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापतात. बाकीचं ओसाड. आणि पोहायला पाणी लागतं. आर्नो देशेन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये खडबडीत सच्छिद्र पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा हळूहळू पातळ करत प्युटिडाची हालचाल मोजली. पाण्यावरची ओढ सुमारे 2 किलोपास्कल झाली, म्हणजे वीसेक सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकी, तेव्हा पोहणं जवळपास थांबलं. ही फार थोडी ओढ आहे. पावसानंतर निचरा होऊन शेत कामाला येतं, शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, त्या अवस्थेत मातीची ओढ याच्या अनेक पट असते. म्हणजे पेरणीसाठी जमीन आदर्श झाली, की जिवाणूंचं पोहणं संपलं. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत तर विचारायलाच नको. पोहण्याची खिडकी पाऊस पडल्यावर किंवा पाणी दिल्यावर काही तास उघडते. ठिबकच्या नळीतून किंवा फवारणीतून जिवाणूंचं कल्चर सोडण्याचा जो उत्साह आता सगळीकडे दिसतो, त्यात हा हिशेब मी कुठे केलेला पाहिला नाही. कल्चर खरं असेलही, पण कोरड्या मातीत ते पडल्या जागीच राहणार.

मग कोरड्या मातीत जिवाणू कधीच हलत नाहीत का? यावर लाइपझिगच्या हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्राने दिलेलं उत्तर मला फार आवडतं. बुरशीचे तंतू हवेने भरलेली छिद्रं ओलांडून जातात, आणि त्यांच्या अंगावर पाण्याचा पातळ थर असतो. त्या थरातून जिवाणू पोहतात. 2005 मध्ये संशोधकांनी या वाटेला ‘बुरशीचा महामार्ग’ म्हटलं, आणि 2010 मध्ये दाखवलं, की नॅप्थलीनचा वास येणारा प्युटिडा पिथियमच्या तंतूंवरून पाण्याने न भरलेल्या भागातूनही नॅप्थलीनकडे पोहोचतो. पिथियम काटेकोरपणे बुरशी नाही, बुरशीसारखा सजीव आहे, पण आल्याची कंदकूज आणि रोपवाटिकेतली मर यांमुळे ते नाव आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचं आहे. जिला आपण शत्रू म्हणून ओळखतो ती इथे पूल बांधत होती. नांगरट, बुरशीनाशकं आणि मातीची अतिरिक्त ढवळाढवळ हे पूल मोडतात, हा धागा पुस्तकाच्या शेवटच्या भागात आला आहे. मला वाटतं तो आणखी ओढायला हवा होता. लेखिकेने सावधगिरीने हात आखडता घेतला आहे.

सावधगिरीला कारणही आहे. नळीत आणि डिशमध्ये केमोटॅक्सिसने काम वेगाने होतं हे पक्कं आहे, वाळूच्या स्तंभातही ते दिसलं आहे. पण एकरभर दूषित जमीन केवळ या गुणामुळे लवकर शुद्ध झाली असं म्हणण्याइतका पुरावा अजून तोकडा आहे. शेतात ओल, तापमान, प्राणवायू, मातीचा प्रकार हे सगळं एकाच वेळी बदलत असतं आणि एकट्या वासाचा वाटा वेगळा काढणं कठीण जातं. शिवाय जुनं प्रदूषण कणांच्या आतल्या, जिवाणूही शिरू न शकणाऱ्या छिद्रांत मुरतं. तिथून ते पाण्यात हळूहळू पाझरेपर्यंत बाहेर उभ्या असलेल्या जिवाणूच्या हाती काही लागत नाही, वास कितीही चांगला घेता आला तरी.

पुस्तक कोणी वाचावं, असं प्रकाशकांनी विचारलं तेव्हा मी सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी म्हणालो, आणि मग कृषी महाविद्यालयातले, माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांमधले, आणि प्रदूषण नियंत्रणाच्या कचेरीत अहवाल वाचणारे असे वाढवत गेलो. रसायनाची थोडी ओळख असलेल्या कोणालाही ते जमेल. तिसरं आणि चौथं प्रकरण अवघड आहे. त्यांना वळसा घालून पाचव्यापासून सुरुवात केली तरी चालेल आणि मागे येऊन वाचता येईल.

शेवटच्या परिशिष्टात फेफरचा प्रयोग करण्याची पद्धत दिली आहे. त्यासाठी महागडं काही लागत नाही. ज्योतीवर ओढून काढलेली काचेची बारीक नळी, मांसरस किंवा मसूर भिजवलेलं पाणी, तळ्यातल्या पाण्याचा थेंब आणि कॉलेजमधला कोणताही सूक्ष्मदर्शक पुरतो. दोन नळ्या घ्याव्यात, एकीत साधं पाणी ठेवावं, आणि नळीचं तोंड नजरेसमोर राहील अशी भिंगाची जागा आधीच पक्की करावी. पंधरा-वीस मिनिटं वाट पाहावी लागते. टोल्युइन किंवा नायट्रोफिनॉल घेऊन हाच प्रयोग करण्याचा मोह विद्यार्थ्यांनी आवरावा. त्यासाठी धूर खेचणारं कपाट आणि शिक्षक दोन्ही हवेत.